आकाशाची खतावणी

सन १८८७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत आकाशाचा नकाशा तयार करण्याचे ठरले आणि निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनी आकाश आपसांत वाटून घेतले. त्यातील एक पट्टा रोममधील व्हॅटिकन वेधशाळेकडे आला. तेथील ३३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून काचांवर ताऱ्यांची छायाचित्रे उमटू लागली. परंतु त्यांची मोजदाद कोणी करावयाची?

हे काम चार ख्रिस्ती धर्मभगिनींनी अंगावर घेतले. एकीने सूक्ष्मदर्शकातून पाहून ताऱ्याच्या स्थानाचे आकडे सांगावेत, दुसरीने ते वहीत उतरवावेत, असा क्रम १९१० ते १९२१ पर्यंत चालला. नोंदले गेलेले तारे ४,८१,२१५!

त्यांची नावे मात्र जवळजवळ शतकभर विस्मृतीत राहिली. जुनी कागदपत्रे चाळताना ती २०१६ मध्ये उजेडात आली: एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कॉन्चेता फिनार्दी आणि लुईजा पांचेरी.

तारे स्थिर भासतात, पण अतिशय मंद गतीने सरकत असतात. ती गती काढावयाची, तर आजच्या स्थानाचा ताळा जुन्या नोंदीशी घालावा लागतो. हिपार्कस उपग्रहाने घेतलेली मोजमापे वेधशाळांच्या याच जुन्या नोंदींशी ताडून २००० साली सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांची सूची सिद्ध झाली.

खतावणीवर लिहिणाऱ्याचे नाव नसते. आकडा खरा असला, की तो शंभर वर्षांनीही उपयोगी पडतो. तरीही लिहिणाऱ्याचे नाव जपणे, हे वही वापरणाऱ्याचे देणे आहे.