रक्तगट ऐकू नका, वाचा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळात रायगडमध्ये वीज गेली, मोबाईलही मुके झाले. अशा वेळी हॅम रेडिओ आठवतो. पण खरखरीत ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’, हे रक्तपेढीने ओळखायचे कसे? संगणकाचे साउंड कार्ड रेडिओला जोडले, की टाइप केलेला मजकूर सुरांच्या रूपात जातो आणि पलीकडच्या पडद्यावर अक्षरांत उमटतो. ‘पीएसके३१’ पद्धतीला आवाजापेक्षा कितीतरी अरुंद पट्टा पुरतो, म्हणून क्षीण संदेशही पोहोचतो. मात्र तिच्यात चूकदुरुस्तीची सोय नाही. रक्तगट आणि डोस उलट मागवून ताडून घ्यावेतच. संदेश कुणीही वाचू शकतो, तेव्हा रुग्णाचे नाव नको. जिल्हा रुग्णालयाच्या आपत्ती आराखड्यात जनरेटरइतकाच परवानाधारक हॅम ऑपरेटरही हवा. त्याची रंगीत तालीम पावसाळ्याआधी व्हावी.