रंगावर जाऊ नका, आधी खाली वाका

घरात एक तरी माणूस असा असतोच, ज्याची मान जुनी गाडी दिसली की आपोआप वळते. बाबा निवृत्त होतात, हातात थोडे पैसे येतात आणि कॉलेजच्या दिवसांत पाहिलेली ती उघडी जीप एके दिवशी फोनवरच्या जाहिरातीत पुन्हा भेटते. चकचकीत हिरवा रंग, नवे टायर, किंमतही आवाक्यातली. तुमच्याही घरी सध्या हेच चाललं असेल, तर टोकन देण्याआधी पाच मिनिटं थांबा. या गाडीत जे खरं विकत घ्यायचंय, ते त्या फोटोंत दिसतच नाही.

ते म्हणजे चासी. जुन्या विलीज किंवा महिंद्रा जीपला खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असतो. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंग बॉक्स, सगळं या सांगाड्याच्या भरवशावर. वरची बॉडी मात्र वेगळी असते आणि ती नवी करून मिळते. हरियाणातलं मंडी डबवाली तर जुन्या जीपना नवं रूप देण्यासाठीच प्रसिद्ध आहे. म्हणजे चाळीस वर्षं जुन्या सांगाड्यावर चार महिन्यांपूर्वीची बॉडी बसलेली असू शकते. रंग बघून वय काय कळणार?

गंजाचं गणित सोपं आहे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की तो सुरू होतो. मिठाने त्याला वेग येतो. म्हणून मुंबई, गोवा, चेन्नईसारख्या किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीकडे जरा जास्त संशयाने बघा. इंदूर-नागपूरकडची गाडी तुलनेने बरी, पण तिथेही ती आधी कुठे होती हे विचाराच. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे दोन पत्रे जिथे जोडलेत तिथे तो आतून फुगतो आणि सांधा उकलतो. बाहेर बारीकसा फुगवटा दिसला, तर आत बरंच काही झालेलं असू शकतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. सकाळच्या उजेडात जा, जुने कपडे घाला. टॉर्च, फ्रिजवरचं लोहचुंबक, जाडसर स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटी हातोडी एवढं पुरतं. गाडी जवळच्या वॉशिंग सेंटरच्या पिटवर किंवा रॅम्पवर चढवून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. बाबांनीही नाही, त्यांना कितीही उत्साह आला तरी!

सगळ्यात आधी मागची आडवी पट्टी बघा. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल तिथे बसतो आणि ओलावा धरून ठेवतो. मग पाटे जिथे सांगाड्याला अडकवलेत ते चारही कोपरे, बॉडी जिथे बोल्टने बसते त्या जागा आणि पुढे स्टिअरिंग बॉक्सच्या आसपासचा भाग. मालकाला विचारून हातोडीने हलकेच ठोका. निरोगी लोखंड टणकन वाजतं, कुजलेलं थप्प करतं. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. नुसता तांबूस थर खरवडून निघाला आणि खाली घट्ट लोखंड लागलं, तर काळजी नको. तारेचा ब्रश, चांगला प्रायमर आणि रंग एवढ्यावर भागतं. पण पापुद्रे सुटू लागले किंवा टोक आत गेलं, तर खेळ वेगळा.

मला सर्वात जास्त भीती वाटते ती खालून ताज्या लावलेल्या जाड काळ्या थराची. प्रामाणिक मालकही गंज टाळायला तो लावतो, मान्य. पण गेल्याच आठवड्यात लावलेला दिसत असेल, तर का लावला हे विचारायलाच हवं. तिथे चुंबक फिरवा. खाली पुट्टी भरली असेल तर ते नीट चिकटणार नाही. वेल्डिंगची ठिगळंही शोधा. कुजलेला भाग कापून जाड पट्टी नीट बसवली असेल तर चालतं. गंजावरच पत्रा डकवला असेल, तर आतलं कुजणं चालूच असतं.

पाट्याच्या किंवा स्टिअरिंगच्या जागी सांगाडा कुजला असेल, तर माझ्या मते घासाघीस न करता निघावं. चालत्या गाडीत पाट्याचा आधार सुटला तर अ‍ॅक्सल जागा सोडतो आणि मागच्या बाकावर तुमची मुलं असतात. ‘सांगाडा बदलून घेऊ’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण चासी नंबर त्याच्यावरच ठोकलेला असतो. तो आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नंबर गंजाने खाल्लेला किंवा घासल्यासारखा दिसला, तर पुढची धावपळ आरटीओत.

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घेणार असाल, तर असा वेगळा सांगाडा शोधू नका. तिथे बॉडी हाच सांगाडा. दाराखालचे दांडे, मॅट उचलून पायाखालचा पत्रा, डिकीतली स्टेपनीची जागा आणि मागचे पाटे अडकवलेल्या जागा बघा. चारही दारं उघडून लावून पाहा. दार खाली बसलंय किंवा फटी वेड्यावाकड्या झाल्यात, तर गाडी मधून वाकत असू शकते.

कागदांचं थोडक्यात: खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आणि पुढे दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, फिटनेस तपासणीसह. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती रोज वापरता येत नाही. दिल्ली परिसरात राहत असाल, तर जुन्या गाड्यांचे तिथले नियम आधी तपासा.

सोबत ओळखीचा मेस्त्री न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज आनंदाने द्या. आणि ‘पिटवर कशाला, गाडी एकदम ओके आहे’ म्हणत मालक गाडी खालून दाखवायलाच तयार नसेल, तर चहा पिऊन घरी या.