नदीकाठची रोपटी कुठे गेली?

माण, येरळा आणि अग्रणी या नद्यांच्या काठी मोठी झाडं अजून दिसतात. करंज आहे, उंबर आहे, एखादं जुनं जांभूळही आहे. पण त्यांच्याखाली वाकून पाहा. त्याच जातीचं कमरेएवढं रोप सहसा सापडत नाही. एखाद्या गावात सगळे म्हातारेच आहेत, मूल एकही नाही, असं कळलं तर आम्ही डॉक्टर लगेच कारण शोधू. नदीकाठाबाबत मात्र उत्तर ठरलेलं असतं : पाऊस कमी.

माण, खटाव, आटपाडी हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. तो आजोबांच्या काळीही लहरीच होता. बदललं आहे ते जमिनीखालचं पाणी.

कोरड्या मुलखात नदीकाठचं झाड वरच्या पावसापेक्षा वाळूखालच्या पाण्यावर जगतं. पूर ओसरला की ओल्या गाळात बी रुजतं. मग पाणी हळूहळू खाली जातं आणि कोवळं मूळ त्याचा पाठलाग करतं. पाणी मुळापेक्षा वेगाने उतरलं की रोप वाळतं. जुनं झाड खोल मुळांवर तग धरतं, म्हणून काठ हिरवा दिसतो आणि आपली फसगत होते. आधी लव्हाळा, पाणकणीस, माका, ब्राह्मी जातात, मग वाळुंज. मागे उरते वेडी बाभूळ. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका खाणीत तिच्या कुळातल्या झाडाचं मूळ ५० मीटरहून खोल सापडलं होतं! तिथल्याच सान पेद्रो नदीवर हा प्रकार बारकाईने अभ्यासला गेला आहे. भूजल उथळ असेल तिथे कॉटनवुड आणि आपल्या वाळुंजाची भावंडं वाढतात. ते खोल गेलं की बाहेरून आलेलं टॅमरिस्कचं झुडूप जागा बळकावतं.

डॉक्टरने यात का पडावं? उघड्या पडलेल्या काठावर गाजरगवत माजतं. पापण्या, मान, कोपराच्या खोबणी खाजवून काळवंडलेले शेतकरी बाह्यरुग्ण विभागात येतात. आम्ही मलम लिहून देतो आणि त्यांना पुन्हा त्याच काठावर पाठवतो. शिवाय उथळ विहीर आटली की गाव बोअरचं पाणी पितं, आणि खडकात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात क्षारही जास्त विरघळलेले असतात.

वाळू ही नदीची पाणी धरून ठेवणारी गादी आहे, हे खानापूर तालुक्यातल्या लोकांनी फार आधी ओळखलं. १९८२च्या संपानंतर गावी परतलेले गिरणी कामगारही मुक्ती संघर्ष चळवळीत होते. येरळेच्या बेसुमार वाळूउपशाला त्यांनी विरोध केला आणि बलवडी-तांदुळवाडीजवळ लोकांनी बळीराजा धरण उभारलं. त्यासाठी थोडी वाळू त्यांनी स्वतःच विकली. पण किती काढायची हे गावाने ठरवलं होतं. फरक तोच आहे.

म्हणूनच सरसकट नदी खोलीकरणाचं कौतुक मला पटत नाही. जेसीबीने पात्र खरवडलं की वाळू जाते, लव्हाळा जातो, आणि पात्र शेजारच्या मुरमाच्या थराखाली गेलं तर काठातलं पाणीच पाझरून नदीत उतरतं. उद्घाटनाच्या फोटोत पाणी छान दिसतं, हे मान्य. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर खणायला २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने मनाई केली आहे. तिची आठवण कोण ठेवतं?

टेंभू आणि उरमोडीचं पाणी आता या पट्ट्यात येऊ लागलं आहे. सगळं उसाला न देता त्यातलं थोडं पावसाळ्यानंतर नदीच्या वाळूत सोडावं, आणि तेही सावकाश, कमी कमी करत. एकदम सोडून एकदम तोडलेलं पाणी रोपाच्या कामाचं नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्याच सुमारास काठावरच्या शंभर पावलांत कोणत्या जातीची किती रोपं आहेत, हे जवळच्या शाळेतल्या मुलांनी मोजावं. मे महिन्यातली मोजणी सुट्टीमुळे चुकू देऊ नये. ऑक्टोबरात दिसलेल्या रोपांपैकी किती टिकली, हे तेव्हाच कळतं.