लाल मातीचा हौद
कुस्तीच्या हौदातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवतात. माती मऊ राहते आणि खरचटलेले चिघळत नाही, असे तालमीत मानतात. जपानी सुमो कुस्तीचे रिंगण मात्र ४.५५ मीटर व्यासाचे, त्यात लढतीआधी मीठ उधळतात. पाऊल बाहेर पडले किंवा तळपायाखेरीज अंग कुठेही टेकले की हार. त्यामुळे बहुतेक लढती काही सेकंदांत संपतात. आपली कुस्ती इतकी उतावळी नाही. पाठ लागेपर्यंत ती निकाली धरत नाहीत, मग तास गेला तरी चालेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२मध्ये खासबाग मैदान बांधले. भोवतीच्या उतरत्या बैठकीमुळे शेवटच्या रांगेतूनही डाव दिसतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतलेच, पण १९५२मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक त्यांनी मॅटवर मिळवले.