सहावा महिना

बुलढाणा जिल्ह्यातल्या बैठकांत मी नेहमी ऐकते, ‘सहावा लागला, उलट्या थांबल्या, आता ती कामाला जाते.’ पोटात बाळाची हालचाल कळू लागते, तेव्हाच कपाशीतले निंदण आणि डोक्यावरचा हंडाही परत येतो. पण याच काळात रक्त कमी पडते, रक्तदाब वाढू शकतो. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तपासणी मोफत, पण दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ती घरीच राहते. त्या दिवसाची भरपगारी सुट्टी हा तिचा हक्क मानून आपल्या मंडळांनी तो मागायला हवा.