हजेरी न मागणारे महाविद्यालय

बी.एड.च्या प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याची वेळ आली की पदवीधरांच्या घरोघरी एक प्रश्न हमखास विचारला जातो : तेथे रोज जावे लागते काय? ‘नाही’ असे उत्तर ज्याच्याविषयी मिळते ते महाविद्यालय यादीत वर चढते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तर घरची वडीलधारी मंडळी त्याचे कान उपटतील. भावी शिक्षकाने विचारला तर तो व्यवहारचतुर ठरतो.

या प्रश्नामागे केवळ आळस आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. शिकवण्या घेऊन वा विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबून घर चालविणाऱ्यास दोन वर्षे मिळकतीवाचून काढणे सोपे नाही. पदवीनंतरही पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टलवरील भरतीची प्रतीक्षा आहेच. साहजिकच पदवीकडे केवळ दारावरचा परवाना म्हणून पाहिले जाते आणि काही संस्थाचालक हा परवाना घरपोच करण्यास सिद्ध असतात.

हा प्रकार कोणास ठाऊक नाही असे नाही. महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्या २०१२ च्या अहवालाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर स्पष्टच म्हटले, की देशातील दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक-शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था पैसे घेऊन पदव्या विकत आहेत. २०१४ च्या विनियमांनी वर्गात ८० टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकाळात ९० टक्के हजेरी सांगितली. दोन वर्षांच्या मिळून दोनशे विद्यार्थ्यांमागे सोळा पूर्णवेळ अध्यापक सांगितले. कागदावर हे सोळाही जण असतात.

हजेरी बुडाली म्हणजे व्याख्याने बुडाली, एवढेच नव्हे. मानसशास्त्राचे पुस्तक घरी वाचता येईल. सराव पाठ घरी घेता येत नाही. एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश, असे विचारताच निम्मा वर्ग ‘एक चतुर्थांश’ म्हणून ओरडतो, कारण चार तीनपेक्षा मोठे. पाठ टाचणात या उत्तराची सोय नसते. छात्राध्यापक गोंधळतो, फळ्याकडे वळून नियम लिहून टाकतो. मागच्या बाकावर अनुभवी निरीक्षक बसलेला असेल तर तास संपल्यावर तो विचारतो, ‘एकच भाकरी तिघांत आणि मग चौघांत वाटून का दाखवली नाही?’ अध्यापनाचे खरे शिक्षण ते एवढेच, आणि ते वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवात पुनःपुन्हा घडावे अशी अपेक्षा आहे.

म्हणून इमारत व माहितीपत्रक पाहण्याऐवजी कामाच्या दिवशी, न कळविता, महाविद्यालयात जावे. मागील वर्षाच्या छात्राध्यापकांच्या पाठवह्या पाहाव्यात. सर्वांना ‘प्रयत्न चांगला’ असा एकच शेरा असेल तर पाठ कोणी पाहिलेच नाहीत असे समजण्यास हरकत नाही. आपल्या विषयाच्या अध्यापनपद्धतीस प्राध्यापक आहे काय, सरावाची शाळा कोणती, हे विचारावे. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरविलेल्या रकमेपलीकडे काही मागितले, वा पावतीस टाळाटाळ झाली, तर तेथून निघावे हे उत्तम. पहिली ते पाचवीस शिकविण्याची ज्यांची इच्छा आहे त्यांनी मुळात बी.एड.कडे वळूच नये. त्या वर्गांसाठी ही पदवी पात्रता ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे.

परंतु चंद्रपूरच्या विद्यार्थ्याने किती गावे हिंडावीत? प्रत्येक महाविद्यालयातील विद्यापीठमान्य अध्यापकांची नावे, त्यांचे विषय आणि सरावाच्या शाळा यांची यादी पसंतीक्रम भरण्यापूर्वी एकत्र प्रसिद्ध करावी. अध्यापकांना मान्यता विद्यापीठेच देतात, तेव्हा ही माहिती त्यांच्या दप्तरी असलीच पाहिजे. ती खुली करण्यास नव्या आयोगाची गरज नाही.