माहेरी जाताना हा रिपोर्ट सोबत हवा

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि पहिलटकरीण माहेरी जाते. सोनोग्राफीचे फोटो न चुकता पिशवीत पडतात, रक्ताच्या रिपोर्टांची फाईल मात्र पुष्कळदा सासरच्या कपाटातच राहते. त्यात एचबीएसएजीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, लोकांच्या बोलीत पांढऱ्या काविळीचा रिपोर्ट असतो. तो पॉझिटिव्ह असेल तर बाळासाठी त्याहून मोलाचा कागद नाही.

हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात असलेल्या गरोदर बाईला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूक नीट लागते. रक्त तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही. मोठेपणी लागण झाली तर साधारण 95 टक्के लोकांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्के बाळांत तो मुक्काम ठोकतो आणि त्यातल्या काहींना पुढे सिरॉसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर गाठतो.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं, म्हणूनच चीड येते. जन्मानंतर 24 तासांच्या आत, जमल्यास 12 तासांत, बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायचं. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर तिला शेवटच्या महिन्यांत टेनोफोविरची रोज एक गोळी. 2018 साली सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. पण इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक प्रसूतिगृहाच्या फ्रीजमध्ये नसतं, आधी कळलं तरच मागवून ठेवता येतं. रात्री दोन वाजता कळा देणाऱ्या बाईची फाईल दोनशे किलोमीटरवर असेल, तर सिस्टरने करायचं तरी काय?

लसीचंही तसंच. कुपीत दहा डोस असतात. एका बाळासाठी ती फोडायची कशी, म्हणून काही ठिकाणी लसीकरणाच्या दिवसाची वाट पाहिली जाते. खरं तर उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर 28 दिवस वापरता येते. पहिल्या दिवसाचा डोस हुकला की दीड महिन्याने मिळणारी पेंटाव्हॅलंट लस त्याची भरपाई करू शकत नाही.

रिपोर्ट लपवण्यामागे भीतीही असते. सासू सुनेचं ताट वेगळं करते, बाळाला अंगावर पाजू नको म्हणते. ताटावाटीतून हा आजार पसरत नाही, आणि बाळाला लस मिळाली की अंगावर पाजायला हरकत नाही. नवऱ्याचं रक्त मात्र तपासायलाच हवं. तो निगेटिव्ह असेल आणि लस घेतलेली नसेल तर त्यालाही लस द्यावी.

माझी मागणी साधी आहे. हा निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहावा, आणि सासरच्या आशाताईंनी माहेरच्या आशाताईंना फोन करून कळवावा. बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासून घेण्याची आठवणही त्यांनीच करावी, कारण तोवर आईसकट सगळेच हे विसरलेले असतात.